गायीचं गॅसला, बैलांचं राबाला

नवऱ्याला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाय शेण टाकून मोकळी झाली होती. तिला काय, तिचं रोजचं काम. मी ते पाटीत भरलं, टाकीत टाकलं, तेवढंच पाणी ओतलं, हाताने कालवलं, गोळे फोडले, काड्या वेचून बाहेर फेकल्या आणि बूच काढलं. शेणकाला गडगडत नळीतून आत गेला. ओट्यावर माणसं बसली होती. सुतकात असलं काही करतात का, असं कुणीतरी कुणालातरी म्हणालं. मला ऐकू आलं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं वाटलं. हात धुतले आणि परत जाऊन माणसांत बसले.

मी रडले नाही याची पाड्यात बरीच चर्चा झाली. मलाही कळलं नाही का ते. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि भाताची लावणी संपता संपता तो गेला, एवढंच सांगण्यासारखं आहे. अंगाखाली दबून हात झोपला की आपलाच हात आपल्याला कळत नाही, तशी मी सगळीच झाले होते. भूक लागत होती, झोप लागत होती. लोक भेटायला येऊन रडत होते आणि मी त्यांना पाणी देत होते. चिडचिड मात्र शाबूत होती. कुणी डोक्यावरून हात फिरवला की मला उठून जावंसं वाटायचं.

आमचा पाडा वावर-वांगणीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. गोबरगॅस म्हणजे काही सिमेंटचा घुमट नाही. जाड काळ्या रबरी कापडाचा मोठा फुगा, खड्ड्यात लोळत पडलेला. एका अंगाला शेण कालवायची टाकी आणि तिच्यातून तिरकी उतरणारी नळी, हात जाईल एवढी. दुसऱ्या अंगाला तोंड आणि त्याच्यापुढे खड्डा. वरून जेवढं आत जातं तेवढंच आतलं जुनं, पातळ झालेलं शेण खालून बाहेर येतं. घालायचं थांबलं की यायचंही थांबतं. त्या बाहेर येणाऱ्या काळपट पातळ शेणाला सगळे स्लरी म्हणतात. एका संस्थेने पाड्यात असे चार-पाच फुगे बसवून दिले होते. एकाने आपला फुगा कापून पावसाळ्यात छपरावर घातला, तो चांगला टिकलाय म्हणतात. आमचा चालू राहिला, कारण नवऱ्याला त्याचं वेड लागलं होतं.

गॅसचं नव्हे, स्लरीचं. गॅसवर चहा झाला की त्याला पुरे होतं. पण बाहेर आलेली स्लरी तो बोटांत चोळून बघायचा, वास घ्यायचा, आता वास राहिला नाही म्हणून खूश व्हायचा. संस्थेच्या माणसाने त्याला सांगितलं होतं की शेणातून फक्त गॅस जातो, झाडाचं खाणं मागेच राहतं, उलट ते झाडाला लवकर लागू पडतं. पालेभाजीला तर फारच, कारण तिला फळ धरायचं नसतं, नुसतं पान काढायचं असतं. हे तो मला रोज सांगायचा. मी जव्हारच्या आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली आणि हा चौथीत शाळा सोडलेला, तरी शिकवणारा तोच. मी म्हणायचे, कळलं, गप जेव आता.

सासूला मात्र हे सगळं खूळ वाटायचं. तिचा जीव राबात. भाताचं आणि नागलीचं रोप करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, वर माती, आणि मग ते सगळं जाळायचं, तो राब. त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरलं की रोप जोमाने येतं आणि तणही कमी होतं. राबासाठी शेण थंडीपासून साठवावं लागतं. सासू गोठ्यामागे ते वाळवून ढीग लावायची आणि वर सागाची पानं घालून ठेवायची. त्या ढिगाकडे ती ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने तिने माझ्याकडे कधी बघितलं नाही. फुगा आला तेव्हा मायलेकरांची जोरदार भांडणं झाली. शेवटी वाटणी ठरली. गायीचं गॅसला, बैलांचं राबाला. त्यानंतर सकाळी गोठ्यात दोघंही हजर असायची, एकाच्या हातात एक पाटी, दुसऱ्याच्या हातात दुसरी, आणि गाय-बैल जवळजवळ बांधलेले असले तर मधलं शेण कुणाचं यावरून वाद व्हायचा.

"तुझा फुगा शेण चोखून टाकतो," सासू म्हणायची. "त्यात मंग काय राहला? चोथा!"

"चाखून बघ," तो म्हणायचा.

तो गेल्यावर वाटणी तशीच राहिली. त्याची पाटी मी उचलली. दोघी गोठ्यात समोरासमोर काम करायचो आणि बोलायचो नाही. भांडायलाही काही उरलं नव्हतं.

भाजी मी हौसेने लावली नाही. पाऊस ओसरला आणि स्लरीचा खड्डा भरून वाहायला लागला. तो असताना ती बादल्यांनी इकडे तिकडे नेऊन घालायचा. आता ती ओट्यापर्यंत आली. कुठेतरी घालायला हवी म्हणून मी घराच्या बाजूच्या उतारावर वाफे केले आणि त्याने डब्यात ठेवलेलं बी फेकलं. मेथी, लाल माठ, पालक, थोडी शेपू. उगवलं तेव्हा मी खड्ड्यातली स्लरी तशीच डब्याने मेथीवर ओतली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, मग अख्खी मेथी पिवळी पडून बसली. त्याने शंभरदा सांगितलं होतं. तशीच घालायची नाही, गोणपाटातून गाळायची, चांगलं भरपूर पाणी मिसळायचं, चहापेक्षा पातळ झाली की घालायची, आणि पानांवर नाही, मुळाशी. मी तेव्हा गप जेव म्हणत होते. मेलेल्या मेथीकडे बघून मला काही वाटलं नाही. उपटली आणि परत बी टाकलं.

दुसऱ्या वेळेला नीट केलं. सकाळी विहिरीवरून पाणी आणायचं, गाळायचं, मिसळायचं, ओळीच्या कडेने धार सोडायची, आणि कापणीच्या आधी काही दिवस नुसतं पाणी. हातांना काम मिळालं. डोक्याला मिळालं नाही, तेही बरंच झालं. माठ एवढा गर्द आला की शेजारणी येऊन बघून गेल्या. पालकाची पानं तळहाताएवढी. सासू ओट्यावरून बघायची आणि तोंड फिरवायची. तिने ती भाजी कधी ताटात घेतली नाही. मी माठाची भाजी केली की ती नागलीची भाकर आणि सुकटाची चटणी खायची. मी आग्रह केला नाही. आग्रह करायला माणसात काहीतरी असावं लागतं.

जास्तीची भाजी घेऊन मी जव्हारच्या बाजारात जायला लागले. पहाटे जुड्या बांधायच्या, जीप मिळाली तर जीपने, नाहीतर एसटीने. रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसायचं. भाजी बघून लोक थांबायचे. एका बाईंनी विचारलं, "औषधं मारलेली नाहीत ना?" मी म्हटलं, नाही, गोबरगॅसची आहे. त्यांनी हातातली जुडी पटकन खाली ठेवली आणि बोटं पदराला पुसली. त्यानंतर मी नुसतं "नाही" म्हणायला शिकले. एकदा एका गृहस्थांनी गाव कुठलं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ते कुपोषणवालं? आणि तुम्ही भाजी विकता?" मी म्हटलं, हो, उरलेली. ते बरंच वाईट तोंड करून गेले. मला त्यांना अजून काहीतरी लावून बोलायचं होतं, पण कंटाळा आला.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. जोड्या वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. वीटभट्टीवर एकटं माणूस घेत नाहीत. एकाने चिखल करायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या, जोडी लागते. आम्ही दोघं लग्नानंतर दोन वर्षं गेलो होतो. फुगा आल्यापासून गेलो नाही. तो म्हणायचा, शेण टाकायला कुणी पाहिजे. खरं तर त्याला भट्टी आवडत नव्हती आणि आता त्याच्याकडे कारण होतं.

संक्रांतीच्या आधी माझा भाऊ आला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, ती जाणार नव्हती. आत येऊन बसला, पाणी प्यायला, आणि सासू ओट्यावर असताना मला म्हणाला, "चल माझे संगं. जोडी होईल आपली. आन पाऊस आला का घरी चल, आपल्या घरी. इथं काय ठेवलाय आता तुझा?"

यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे नवरा गेलेली बाई माहेरी जाते, दुसरं घर करते, त्यात कुणाला लाज नाही. मूल नव्हतं. भाऊ माझ्या भल्याचंच बोलत होता. सासू धाग्याने झाडू बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत.

मी "बरं" म्हटलं. मला कुणी त्या दिवशी काहीही विचारलं असतं तरी मी बरंच म्हटलं असतं. भावाला वाटलं मी नाराज आहे. तो म्हणाला, "इथं राहायचा आहं का तुला? तसा बोल."

नाराजी नव्हती, काहीच नव्हतं. पण त्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून मी म्हटलं, "भाजी चालती तं राहते मी. पण थंडीनं फुगा बसलाय. स्लरीच येत नाय. एका गायीवर काय होणार?"

ते खोटं नव्हतं. थंडीत फुगा मऊ पडला होता, चहाला पुरेल एवढाही गॅस येत नव्हता. गायही आटत चालली होती, शेण कमी टाकायची. खड्ड्यात तळाशी थोडीशी स्लरी होती आणि वाफ्यांतला माठ वरून फिकट व्हायला लागला होता. पण मी ते बोलले ते सुटका करून घ्यायला. संपलं एकदाचं, असं मनात आलं. भावाने दिवस सांगितला, जीप पाड्याच्या खाली येईल म्हणाला, आणि गेला. सासूने झाडू बांधून पूर्ण केला, दोन वेळा ओट्यावर आपटून बघितला आणि कोपऱ्यात उभा केला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली ते फक्त कामाचं. कोंबडी कुठे गेली, मीठ संपलं. मी दोन लुगडी, घोंगडी, ताट-पेला गोणीत भरला तेव्हा तिने गोणीचं तोंड बांधून दिलं. तिच्या गाठी पक्क्या असतात.

जायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा बाजार केला. वाफ्यांत होतं नव्हतं ते कापून नेलं. भाजी हलकीच होती, तरी संपली. दुपारी चढ चढून घरी आले तर गोठ्यामागे काहीतरी वेगळं दिसलं. थोडा वेळ मला कळेना काय ते. मग कळलं. ढीग नव्हता. राबाचा ढीग, थंडी पडल्यापासून साठवलेला, सगळाच्या सगळा नव्हता. जमिनीवर फक्त त्याचा काळा गोल राहिला होता.

सासू टाकीपाशी होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, अंगावर शेणाची धूळ, आणि हातात भात कांडायचं मुसळ. टाकी काठोकाठ भरली होती. वाळलेल्या शेणाची ढेकळं, त्यात सागाची पानं, काड्या, पाचोळा, वर कुठूनतरी आणलेलं एक हंडाभर पाणी. आणि ती मुसळाने ते सगळं नळीत ठासत होती. राबात जसं सगळं एकावर एक घालतात तसं तिने घातलं होतं. बरोबरच आहे, तिला शेणाचं तेवढं एकच काम माहीत. काड्या वेचायच्या, गोळे फोडायचे, हे ती रोज समोर बघायची, पण फुग्याशी तिचं भांडण होतं, म्हणून तिने कधी नीट बघितलं नव्हतं.

मी ओरडले. आपला आवाज मला कितीतरी महिन्यांनी ऐकू आला. लिहिताना मराठी बरी येते मला, पण रागावले की शाळा विसरते. "आई! काय केला हा? काय केलास तूं? नळी बुजली सगळी! पानं टाकतात का त्यात? आन राबाचा शेण! राब कशावर करशील? पेरशील कशावर?"

तिने मुसळ सोडलं नाही. "भूक लागली होती ना त्याला," ती म्हणाली. "एका गायीवर काय होणार, तूंच बोललीस. मंग बैलांचाही दिला."

"माझ्या बोलण्यावर..." मी म्हटलं.

"भाजी चालली तं राहते, असा बोललीस," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नळीकडे बघत राहिली. "माला वाटला, उद्यापर्यंत निघंल थोडी स्लरी."

मी घरात गेले आणि पडून राहिले. राग होता, एवढंच वाटलं. मूर्ख म्हातारी. वर्षाचं भात, वर्षाची नागली, सगळं तिने त्या नळीत घातलं होतं, एका दिवसात भाजी यावी म्हणून. मी सहज फेकलेल्या एका वाक्यावर तिने जून-जुलैचं सगळं लावून टाकलं होतं. ज्या फुग्याला ती जन्मभर शिव्या देणार होती, त्याच्यापुढे तिने हात जोडले होते. मी डोळे मिटून पडले होते आणि बाहेर बराच वेळ मुसळाचा आवाज येत होता, मग थांबला.

सकाळी गाय शेण टाकून मोकळी झाली. मी पाटी भरली, सवयीने टाकीपाशी गेले आणि थांबले. घालायला जागा नव्हती. जीप यायला वेळ होता. असं सोडून जाता येणार नाही, निदान नळीचं तोंड मोकळं करून जावं, असा विचार केला. टाकीतलं घमेल्याने बाहेर काढलं. बांबू घातला तर आतलं अजूनच घट्ट झालं. मग आडवी पडले आणि हात घातला, आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गार होतं. बोटांना पानं लागली, भिजून चामड्यासारखी झालेली. एक एक ओढून काढायला लागले. काड्या टोचत होत्या. नखाखाली काहीतरी शिरलं आणि दुखलं, चांगलं दुखलं, आणि मला ते दुखणं एवढं स्पष्ट कळलं की मी तशीच पडून राहिले, गाल टाकीच्या काठावर टेकून. नळीतून शेणाचा वास येत होता. नवरा अधूनमधून असाच आडवा पडून नळी साफ करायचा आणि मला हाका मारायचा, पाणी दे गं. तेव्हा मला रडू आलं. मोठ्याने आलं. सासू ओट्यावर उभी होती. ती जवळ आली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, आणि त्यासाठी मी तिची आभारी आहे. तिने फक्त पाण्याचा हंडा आणून माझ्या पायांपाशी ठेवला.

खालून जीपचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने भाऊ चढून वर आला, मला बघून दचकला. "अगं, हे काय? चल, हात धू, सगळी बसलीत जीपमधं. तुझी गोणी कुठं?"

सासूने गोणी आधीच दारात आणून ठेवली होती. ती भावाला म्हणाली, "ने तिला. उशीर नको करू." मग माझ्याकडे वळली. "ऊठ. जा तूं. नळी मी साफ करन."

मी तिच्याकडे बघितलं. कमरेत वाकलेली, हाताची हाडं दिसणारी, कोपरापर्यंत कालच्या शेणाचे थर तसेच वाळलेले.

"आई, तुझा हात पोचत नाय तिथवर," मी म्हटलं, आणि परत नळीत हात घातला.